कथेंतला दुष्ट शास्त्रज्ञ

चार स्नेही एकत्र जमतात, पात्रें वांटून घेतात आणि आधीं कोणींहि न लिहिलेली गोष्ट संभाषणांतून पुढें नेतात. कथेचा हा खेळ आतां जगांत ठिकठिकाणीं खेळला जातो. १९७४ सालीं अमेरिकेंत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवाचा खेळ विक्रीस आला आणि तेव्हांपासून या प्रकाराला नियमांचें व्यवस्थित रूप मिळालें. एकानें सूत्रधार व्हावयाचें, इतरांनीं आपापल्या पात्राच्या तोंडून बोलावयाचें आणि प्रसंग वळेल तशी कथा वळूं द्यावयाची, असा त्याचा क्रम असतो. नाटकांत खलपुरुषाचें भाषण नाटककार लिहून देतो. येथें तें ज्यानें सोंग घेतलें त्यालाच जागच्या जागीं सुचावें लागतें. म्हणून खलपुरुष कच्चा असला कीं थोड्याच वेळांत त्याचें पितळ उघडें पडतें. आणि शास्त्रज्ञ खलपुरुष तर बहुधा कच्चाच असतो.

त्याचा सांचा ठरलेला आहे. विस्कटलेले केस, जाड भिंगांचा चष्मा, रंगीत द्रव उकळणारीं कांचेचीं भांडीं, विकट हास्य आणि साऱ्या जगाचें राज्य मिळविण्याची हांव. हा गृहस्थ दुष्ट आहे हें लहान मूलसुद्धां पाहतांच ओळखतें. पण ओळखणें इतकें सोपें असेल, तर त्याला प्रयोगासाठीं पैसा कोण देईल? सहायक कोठून मिळतील? रोगी आपली नाडी विश्वासानें त्याच्या हातीं कशी देईल? या प्रश्नांना त्या सांच्याजवळ उत्तर नाहीं.

विद्वान माणूस नीतिभ्रष्ट कसा होतो, हें दाखविणें हेंच अशा पात्राचें खरें प्रयोजन. आपल्या कथापरंपरेला हें कोडें नवें नाहीं. रावण वेदवेत्ता होता, शिवभक्त होता, ऐश्वर्यसंपन्न राजा होता. त्याच्या ठिकाणीं विद्येची वाण नव्हती. विज्ञानयुगांतील पाश्चात्य लेखकांनीं याच कोड्याला नवा वेष दिला.

मेरी शेलीनें १८१६ च्या उन्हाळ्यांत जिनीव्हाच्या सरोवराकांठीं लिहावयास घेतलेली कथा १८१८ सालीं ‘फ्रँकेन्स्टाइन’ या नांवानें प्रसिद्ध झाली. हें नांव राक्षसाचें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तें त्याच्या निर्मात्याचें, इंगोलश्टाट येथें विद्या शिकणाऱ्या तरुणाचें नांव आहे. आपल्या निर्मितीला त्यानें नांवसुद्धां दिलेलें नाहीं. निर्जीव देहांत त्यानें प्राण घातला, यापेक्षां त्या प्राण्यानें डोळे उघडतांच तो त्याला टाकून पळाला, हा त्याचा अपराध मोठा. पुढील साऱ्या हत्या त्या पळण्यांतून निपजल्या.

एच. जी. वेल्सनें १८९६ सालीं डॉक्टर मोरो निर्माण केला. क्रूर प्रयोग उघडकीस आल्यामुळें इंग्लंड सोडावें लागलेला हा डॉक्टर एका दूरच्या बेटावर पशूंवर शस्त्रक्रिया करून त्यांची माणसें बनवूं पाहतो. त्याला पैका नको, राज्यहि नको. सजीव देहाला कोठवर वळण देतां येतें, एवढेंच त्याला जाणून घ्यावयाचें असतें. दुसऱ्याच्या वेदनेंत त्याला सुख वाटत नाहीं. ती त्याच्या हिशेबांतच येत नाहीं. पुढच्याच वर्षीं वेल्सनें ‘द इनव्हिजिबल मॅन’ लिहिली. तींतील ग्रिफिन प्रयोगाला पैसा हवा म्हणून स्वतःच्या बापाला लुबाडतो. तो पैसा असतो परक्याचा, आणि बाप गोळी झाडून घेतो. मुलगा दफनाला जातो, पण त्याला दुःख होत नाहीं; मन प्रयोगांतच गुंतलेलें असतें. पुढें हा ग्रिफिन लोकांवर दहशत बसविण्याच्या मोठमोठ्या गोष्टी बोलतो. परंतु वाचकाला तो खरा कळतो, तो त्या दफनभूमींतील कोरडेपणामुळें.

काल्पनिक पात्रांपेक्षां इतिहासांतील माणसें अधिक शिकवितात. फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें हवेंतील नायट्रोजनपासून अमोनिया बनविण्याची रीति १९०९ सालीं प्रयोगानें सिद्ध केली. त्या अमोनियापासून होणाऱ्या खतांवर आज कोट्यवधि लोकांचें अन्न अवलंबून आहे. याच हाबरच्या देखरेखीखालीं २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्यानें दीडशें टनांहून अधिक क्लोरीन वायु शत्रूच्या खंदकांवर सोडला. दहा दिवसांनीं त्याची पत्नी क्लारा इमरवार हिनें त्याच्याच पिस्तुलानें जीव दिला. ती स्वतः रसायनशास्त्राची डॉक्टर होती. तिच्या मृत्यूच्या कारणांविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. हाबर मात्र लगेच पूर्वेच्या आघाडीवर निघून गेला.

असें शस्त्र वापरणें हेगच्या कराराविरुद्ध आहे, अशी शंका ओटो हान या तरुण शास्त्रज्ञानें काढली होती. या शस्त्रानें युद्ध लवकर संपेल आणि असंख्य प्राण वांचतील, असें हाबरनें त्याला समजाविलें, आणि हान त्या पथकांत सामील झाला. हाबरला नुसता खलपुरुष म्हणून निकालांत काढणें अन्यायाचें होईल. ज्या देशासाठीं त्यानें हें सारें केलें, तोच देश ज्यूंच्या छळामुळें त्याला १९३३ सालीं सोडावा लागला. पण कथाकारानें येथें एक गोष्ट टिपून ठेवावी: भला माणूस ज्याला बळी पडतो तो युक्तिवाद मूर्खपणाचा नसतो. खलपुरुषाचें बोलणें ऐकून समोरच्या खेळाडूला क्षणभर उत्तर सुचूं नये, इतकें तें सरस असलें पाहिजे.

दुसरें उदाहरण अमेरिकेच्या अलाबामा राज्यांतील टस्कीगी येथील. तेथें सरकारी आरोग्यखात्यानें १९३२ पासून उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचें निरीक्षण चालविलें. रोगाचें खरें नांव त्यांना सांगितलें नाहीं; ‘दूषित रक्त’ एवढेंच सांगितलें. १९४० नंतरच्या दशकांत पेनिसिलिन हें त्यावर खात्रीचें औषध ठरलें, तरी तें त्यांना देण्यांत आलें नाहीं. मिळत होतें तें एखादें गरम जेवण, फुकट तपासणी आणि दफनाच्या खर्चाचें आश्वासन. मोबदल्यांत मृत्यूनंतर शवविच्छेदनाची परवानगी. पीटर बक्स्टन या त्याच खात्यांतील नोकरानें १९६६ सालीं हरकत घेतली. ती बाजूला ठेवण्यांत आली. १९७२ सालीं वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हांच हा प्रयोग थांबला. चाळीस वर्षांत तेथें कोणीं विकट हास्य केलें नसेल. नोंदी नीट होत होत्या, अहवाल छापले जात होते, आणि माणसें मरत होतीं.

या सामग्रीवरून एक पात्र उभें करून पाहतां येईल. समजा, दूरच्या एका गांवीं हिंवतापावर औषध शोधणारा डॉक्टर आहे. त्याची स्वतःची मुलगी त्या तापानें गेली आहे, आणि गांवकरी त्याला देवमाणूस मानतात. त्यानें पहिल्या वर्षीं औषध घेऊन दगावलेल्या एका म्हाताऱ्याची नोंद गाळली; म्हातारा नाहीं तरी जाणारच होता. दुसऱ्या वर्षीं तुलना हवी म्हणून निम्म्या रोग्यांना न सांगतां नुसतें रंगीत पाणी दिलें. तिसऱ्या वर्षीं गुण येणारें औषध हातीं आलें. पण आंकडे पुरे व्हावयाचे म्हणून तें निम्म्यांपासून आणखी सहा महिने दूर ठेवलें. प्रत्येक पायरी मागच्या पायरीहून थोडीशीच खालीं आहे. प्रत्येक वेळीं त्याच्याजवळ कारण आहे, आणि तें कारण खोटें नाहीं.

आतां इतर पात्रें वांटावीं. एकजण त्याचा कंपाउंडर. रंगीत पाण्याच्या बाटल्या तोच भरतो. एकीचा मुलगा त्या डॉक्टरच्या औषधानें बरा झालेला. ती त्याच्याविरुद्ध शब्द ऐकून घेणार नाहीं. दुसरीचा मुलगा पाण्यावर ठेवलेला. डॉक्टरच्या वहींत त्या मुलाला क्रमांक आहे. कथेंत मात्र त्याला नांव असावें, त्याचें घर, त्याची पाटी, त्याचे हट्ट खेळणाऱ्यांना माहीत असावे. दुष्टपणाचें वजन खलपुरुषाच्या भाषणावरून ठरत नाहीं. त्या मुलाच्या अंथरुणाशीं बसल्यावर तें कळतें.

खलपुरुषाचें सोंग घेणाऱ्यानें एक पथ्य पाळावें. आपण दुष्ट आहों हें त्या पात्राला ठाऊक आहे असें समजून बोलूं नये. सूत्रधारानेंहि त्याला शेवटीं वेडा ठरवून सुटका करून घेऊं नये. वेडेपणा आला कीं जबाबदारी गेली, आणि जबाबदारी गेली कीं कथेंत विचार करण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

अशा खेळाचा खरा कस कंपाउंडरच्या पात्रांत लागतो. टस्कीगीला जी हरकत पहिल्या वर्षीं कोणीं रेटून धरली नाहीं, ती घेण्याची संधि येथें त्याला रोज सकाळीं मिळते. त्याच्यासमोर बाटली आहे, चिठ्ठी आहे, आणि बाहेर ओटीवर त्या मुलाची आई बसली आहे. त्या पात्राचें काम ज्याच्याकडे असेल त्याला सूत्रधारानें घाई करूं नये. त्यानें विचार करावा, आणि मग सांगावें कीं तो बाटलींत काय भरतो.