जुन्या घराचा तळमजला

अहमदाबादच्या पोळांतील लाकडी घरे श्रोत्यांपैकी अनेकांनी पाहिली असतील. अशा घराच्या दुरुस्तीचा विषय निघाला, की मालकाचे पहिले मागणे बहुधा हेच असते : तळमजला मोकळा करून द्या. वृद्ध आईला जिना चढवत नाही; तिची खोली खाली हवी, जवळ शौचालय हवे, आणि स्वयंपाकघरात दोघींना उभे राहता आले पाहिजे. ही मागणी रास्तच आहे. मात्र ती पुरवताना वरचे मजले जागेवर राहिले पाहिजेत.

ही घरे रुंदीला कमी आणि खोलीला पुष्कळ. रस्त्यालगत ओटलो, मग खडकी म्हणजे देवडी, पुढे उघडा चौक, त्याच्या कडेला रसोडे व पाण्याची जागा, पलीकडे परसाळ आणि सर्वांत आत ओरडो, म्हणजे आतली खोली. बाजूच्या भिंती शेजाऱ्यांना लागून असल्याने त्यांत खिडक्या नसतात. उजेड आणि वारा मुख्यतः चौकातूनच यायचा. म्हणून चौकावर पत्रा घालून एक खोली मिळवणे, हा दिसायला सर्वांत स्वस्त आणि वास्तविक सर्वांत महाग उपाय होय. परसाळीत दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे गेला, की तापलेल्या हवेला वर निघून जायला वाटच उरत नाही.

चौकाच्या फरशीखाली अनेक घरांत पावसाचे पाणी साठविण्याचे टांके असते. नळ आल्यापासून त्याचा विसर पडला आहे. कित्येक घरांत त्याचे झाकणही फरशीखाली गेले आहे. शौचालयाची जागा ठरविण्यापूर्वी टांक्याची कड शोधावी, म्हणजे मैल्याची नळी त्यावरून जाणार नाही. गटार रस्त्याकडे असेल, तर खडकीची बाजू बरी. आईला चौक ओलांडावा लागेल. त्यासाठी एका कडेने अरुंद पागोळी पुरते.

आता खांब व भिंती. नकाशा केवळ तळमजल्याचा काढून भागत नाही. सर्व मजल्यांचा काढून एकावर एक ठेवावा, म्हणजे कोणत्या खांबावर कोणती तुळई विसावली आहे ते कळते. अडचणीचा वाटणारा खांब पुष्कळदा छपरापर्यंतचा भार वाहत असतो. तळखड्यापाशी टोच्याने लाकूड तपासावे. वाळवीने पोखरलेले असल्यास वर धिरे देऊन तेवढाच भाग कापून नवा जोड बसविता येतो. अख्खा खांब बदलण्याची घाई सुताराने नव्हे, बहुधा कंत्राटदाराने केलेली असते. विटांच्या भिंतीत घातलेल्या आडव्या लाकडी पट्ट्याही दार रुंद करताना कापू नयेत. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात शहरातील काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. पोळांतील लाकडी सांगाड्याची पुष्कळ घरे मात्र उभी राहिली.

भिंतीला लोणा लागला, की सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह होतो. जमिनीतून चढणारी ओल त्यामागे कोंडते आणि आणखी वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडू शकते. मात्र चुना सावकाश घट्ट होतो. तो काही दिवस ओलसर ठेवावा लागतो आणि रंगासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. तेवढ्या काळात आईचे अंथरूण कोठे राहील, हे कुदळ लागण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.