केमोथेरपीची पूर्वतयारी : एकट्या रुग्णाची नव्हे, साऱ्या घराची

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या महिला आरोग्य मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आजवर या सभागृहात मी संस्थेचा वार्षिक हिशेब वाचून दाखवण्यासाठीच उभा राहिलो आहे. आजचा विषय निराळा आहे. मी वैद्यकीय तज्ज्ञ नाही. चाळीस वर्षे कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस आहे. परंतु तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या सुनेला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीस आरंभ होण्यापूर्वी जे चार आठवडे मिळाले, त्यांत आमचे घर जे शिकले, ते आपल्यापुढे मांडावे असे तिनेच मला सुचवले. तिच्या संमतीने बोलत आहे. ती समोरच बसली आहे. चुकलो तर दुरुस्त करील.

तेव्हा तिचे वय तेहेतीस. नात सहा वर्षांची, नातू चौदा महिन्यांचा आणि अंगावर पिणारा. स्नान करताना तिच्या हाताला गाठ लागली. घरातील साऱ्यांनी सांगितले, ‘दुधाची गाठ असेल.’ प्रथम ज्यांना दाखवले त्यांनीही तेच सांगून शेक आणि गोळ्या दिल्या. अडीच महिने असे गेले. दोष देण्यासाठी हे सांगत नाही. दुधाच्या गाठी असतात आणि बहुतेक वेळा त्या निरुपद्रवीच असतात. परंतु दोन-तीन आठवड्यांत जी गाठ विरत नाही, तिची सोनोग्राफी आणि आवश्यक वाटल्यास बायोप्सी झालीच पाहिजे. बाळ अंगावर पीत असतानाही या तपासण्या करता येतात.

निदान कळले त्या रात्री मी घरात सर्वांना बजावले, ‘बाहेर काही बोलू नका.’ माझ्या कन्येच्या सोयरिकीची बोलणी तेव्हा चालू होती. हे आज मी या व्यासपीठावरून कबूल करतो. वास्तविक नणंद-भावजयीचा रक्ताचा संबंधही नसतो. तरी लोक काय म्हणतील या भीतीने मी रुग्णाला एकटे पाडले. माझ्या कन्येनेच समोरच्या मंडळींना सारे सांगून टाकले. ती सोयरीक पुढे जुळली नाही. मी कष्टी झालो, तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, आजार ऐकून जे घर मागे सरते, तेथे मला द्यायचेच कशाला?” त्या दिवसापासून आमच्या घरातील कुजबुज थांबली, आणि मदतीचे हात आत येऊ लागले. तयारीचा खरा आरंभ तेथून झाला.

तरुण वयात हा रोग झाल्यास तो वंशपरंपरेने आलेला आहे काय, हे पाहण्यासाठी जनुकीय तपासणीचा सल्ला देतात. तीस भिऊ नये. तिचा उपयोग त्या स्त्रीच्या उपचारास आणि तिच्या रक्ताच्या नात्यातील माणसांस सावध करण्यास होतो. तो कुळाला लागलेला डाग नव्हे.

केमोथेरपीपूर्वी रक्ताच्या तपासण्या झाल्या. हृदयाचा इको झाला. कारण तिच्या पहिल्या चार डोसांतील लाल रंगाचे औषध हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकते. दातांची तपासणी आधीच करून घेतली, कारण मध्येच दात दुखला तर संसर्गाचे भय असते. हाताच्या शिरा वारंवार टोचाव्या लागू नयेत म्हणून छातीच्या वरच्या भागात त्वचेखाली ‘पोर्ट’ बसवण्यात आला. आणखी एक प्रश्न पहिल्या डोसापूर्वीच विचारावा लागतो, तो म्हणजे पुढे अपत्य हवे आहे काय. ही औषधे स्त्रीबीजांवर परिणाम करू शकतात, आणि बीज वा गर्भ गोठवून ठेवावयाचा असल्यास वेळ तेवढाच असतो. डॉक्टरांनी हा विषय काढला तेव्हा मी व माझी धर्मपत्नी खोलीबाहेर गेलो. काही प्रश्न पती-पत्नींचेच असतात. वडीलधाऱ्यांनी तेथून उठणे हीसुद्धा मदतच होय.

सर्वांत कठीण काम होते नातवाचे दूध तोडण्याचे. केमोथेरपीची औषधे दुधात उतरतात, म्हणून पहिल्या डोसापूर्वी अंगावर पाजणे पूर्ण थांबवावे लागते. एकेक वेळ कमी करीत आणली. शेवटी रात्रीची राहिली. माझी पत्नी बाळाला आमच्या खोलीत घेऊन निजू लागली. ते आत रडे आणि सूनबाई दाराबाहेर भिंतीला टेकून बसे. आठ डोस सोसलेली ही मुलगी आजही सांगते की, त्या आठ रात्रींपुढे आठ डोस सोपे होते.

नातीला काय सांगावे, हा दुसरा प्रश्न. आम्ही म्हणालो, ‘आई गावाला जाते असे सांगू.’ सूनबाईने ते मानले नाही. तिने मुलीला जवळ घेऊन सांगितले, “मला आजार झाला आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि मला मिठी मारल्याने तुला होणार नाही. औषधाने माझे केस जातील, मग पुन्हा येतील.” पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, म्हणून तिने आधीच ते आखूड करून घेतले, तेही मुलीच्या हातात कात्री देऊन. पुढे पूर्ण मुंडण झाले तेव्हा नात म्हणाली, “मम्मी महासतीजींसारखी दिसते!” त्या घरात कित्येक दिवसांनी सारे हसले. माझ्या वाट्याचे काम एवढेच होते की, दुकानातील मऊ मलमलीच्या ताग्यातून डोक्याला बांधावयाचे चौकोन कापून आणले, कारण कृत्रिम धाग्याचे कापड त्या नाजूक त्वचेला बोचते. आणि पुढून उघडणारे सुती ब्लाउज शिवून घेतले, म्हणजे पोर्टाला सुई लावताना तिला संकोच वाटू नये.

आता मुख्य गोष्ट सांगतो. पहिल्या डोसाची तारीख पर्युषणाच्या पहिल्याच दिवशी आली. सूनबाईने त्या वर्षी अठाईचा भाव धरला होता. तिच्या मनात होते की हे अशाता वेदनीय कर्माचे फळ आहे, तर ते तपाने झाडावे. मलाही ते पटले. एवढेच नव्हे, उपचार आठ दिवस पुढे ढकलावा म्हणून मीच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले की शस्त्रक्रियेतून सावरलेले शरीर उपवासाने क्षीण करून त्यावर हे औषध देणे धोक्याचे आहे. शिवाय तिच्या औषधांपैकी एकाचा मूत्राशयास त्रास होऊ नये म्हणून डोसाच्या दिवशी व दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत भरपूर पाणी प्यावे लागते. म्हणजे अठाईच नव्हे, तिचा नित्याचा चौविहारही अडचणीत आला.

आम्ही दोघे स्थानकात गेलो. चातुर्मासार्थ विराजित महासतीजींनी सारे ऐकून घेतले. त्यांनी विचारले, “पच्चक्खाण घेताना आगार का ठेवतात, याचा विचार केला आहे काय?” मी लहानपणापासून पच्चक्खाण घेत आलो, आगार मात्र केवळ उच्चारत आलो. त्यांनी अर्थ उलगडला, की सर्वसमाधी-प्रत्यय नावाचा आगार अशाच प्रसंगासाठी आहे. तीव्र व्याधीने चित्ताची समाधी ढळू लागली, तर औषध घेतल्याने व्रताचा भंग होत नाही. शास्त्रकारांनी रुग्णासाठी हे दार आधीच उघडे ठेवले आहे. ते आपण बंद करू नये. उदयास आलेले कर्म समभावाने सोसणे हीही निर्जराच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तप करावयाचेच असेल तर तुम्ही करा. वैयावृत्त्य हे आभ्यंतर तपातच गणलेले आहे.”

बंधू-भगिनींनो, सून व्रत मोडते आहे या भीतीने मी गेलो होतो. परतताना माझ्या पदरात एक व्रत पडले होते. त्या पर्युषणात तिने डोस घेतला, आणि घराने वैयावृत्त्य केले.

ते तप कोणते, हे तपशिलाने सांगतो. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातील पांढऱ्या पेशी फार उतरतात. त्या काळात ताप १००.४ अंश फॅरेनहाइट वा त्याहून अधिक झाला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. आमच्यावर ही वेळ दुसऱ्या डोसानंतर आली. गाडीची किल्ली, फाइल, रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक, सारे दाराजवळच्या पिशवीत होते, म्हणून अर्ध्या तासात उपचार सुरू झाला. मी दुकानातील एक लाल चोपडी घरी आणली होती. तीत रोजचा ताप, वजन, औषधाच्या वेळा आणि डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न लिहिले जात. वाणिज्य शाखेच्या शिक्षणाचा एवढा चांगला उपयोग मी दुसरीकडे केल्याचे आठवत नाही.

आहारात ताजे, पूर्ण शिजलेले अन्न आणि उकळलेले पाणी. शिळे न खाणे व पाणी गाळून उकळून पिणे, ही आपल्या आजी-पणजींची शिस्त येथे औषधाइतकीच उपयोगी पडली. कच्चे मोड आणि बाहेरची चटणी बंद; मुगाचे वरण, पनीर, दूध थोडे-थोडे पण वारंवार. डोसानंतरचे दोन दिवस उलटी वा मलमूत्राने खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत. घरातील मुलांच्या लसींचे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून घ्यावे. आणि समाचारास येणाऱ्यांनी, विशेषतः सर्दी-खोकला असलेल्यांनी, कृपया दारातूनच परतावे. ‘कोणते पाप उभे राहिले’ असे रुग्णाच्या उशाशी बसून म्हणू नये. त्यापेक्षा तिच्या मुलीचा एक दिवसाचा अभ्यास घ्यावा.

मुंबईत परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्यामागे लेडी मेहेरबाई टाटा यांच्या १९३१ मधील रक्ताच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूचे दुःख होते. एका घराच्या दुःखातून असंख्य घरांस आधार उभा राहिला. आपली संस्था तेवढी मोठी नाही. पण दोन गोष्टी आपणास निश्चित करता येतील. शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची, तसेच कर्करुग्णांस रेल्वेभाड्यात मिळणाऱ्या सवलतीची कागदपत्रे भरून देणारा एक कार्यकर्ता आठवड्यातून एक दिवस कार्यालयात बसावा. आणि केमोथेरपी चालू असलेल्या मातेच्या मुलांना शाळेत पोचवणाऱ्या, डबा देणाऱ्या भगिनींची एक यादी असावी. त्या यादीत पहिले नाव माझ्या पत्नीचे लिहून घ्यावे.

सूनबाई आज रोज एक गोळी घेते आणि नियमाने तपासणीस जाते. नातू शाळेत जाऊ लागला आहे. उद्याचे कोणी सांगावे? परंतु पुढच्या घरावर ही वेळ आली, तर त्या घराने पहिल्या दिवशी दार लावून घेऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.

बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही शब्द गेला असल्यास, अथवा कोणाचे मन दुखावले असल्यास, मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.