नवागत विद्यार्थ्यांचे स्वागत आणि आपली सेवा

(शाळा उघडण्यापूर्वी स्वयंसेवकांच्या सभेत केलेले भाषण)



जून महिना आला की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील बोर्डिंगांत नवी मुलेमुली येऊ लागतात. कोणी पाथर्डीहून येते, कोणी शेवगावहून, कोणी जामखेडकडून. त्यांच्या स्वागताचा समारंभ येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात व्हावयाचा आहे. मांडव कोणी घालावा, चहापोहे कोणी करावेत, ट्रंका व वळकट्या कोणी वाहाव्यात, नावे कोणी लिहून घ्यावीत, ही वाटणी आपण केलीच आहे. ती पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु ही कामे कोणत्या वृत्तीने करावयाची, ह्याविषयी चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा घेतो.

ह्या जिल्ह्यातील आपल्या मिशनाचा इतिहास हा पुष्कळ अंशी शाळेचाच इतिहास होय. ज्यांना गावच्या शाळेत ओट्याखाली बसून धडा ऐकावा लागे, त्यांच्या मुलांना मिशनाच्या शाळेत चटईवर बरोबरीने जागा मिळाली. 1903 साली केंदळसारख्या लहान खेड्यातून फादर हेन्री डोरिंग ह्यांनी ‘निरोप्या’ मासिक काढले. मासिक काढावयाचे तर वाचणारे हवेत, आणि वाचणारे हवेत तर शाळा हवी, हे त्या धर्मगुरूंस पक्के ठाऊक होते. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन जेज्विट धर्मगुरूंस सरकारने अटकेत ठेवले व नंतर मायदेशी धाडले. त्या कठीण काळी प्रार्थना व शाळा चालू ठेवण्याचा भार गावोगावच्या कातेखिस्त मास्तरांवर पडला. ही सेवा केवळ झगा घालणाऱ्यांची नव्हे, सर्व ख्रिस्तजनांची आहे, हा धडा आपल्याला तेव्हापासून मिळालेला आहे.

तथापि एकत्र सेवा करणे वाटते तितके सोपे नाही. प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो की, यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटणीच्या वेळी ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होऊ लागली व कुरकूर सुरू झाली. प्रेषितांनी ती कुरकूर दाबून टाकली नाही. मंडळीकडून सात चांगले पुरुष निवडवून ते काम त्यांच्याकडे सोपविले. लक्षात घ्या, जेथे प्रत्यक्ष प्रेषित होते, तेथेही पंगतीत कोणी तरी सुटत होते! मग आपल्या मांडवात कोणी सुटणार नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे? ह्यास्तव वाढणाऱ्यांपैकी दोघांनी हाती भांडे न घेता केवळ पाहत फिरावे. जे मूल खांबाशी एकटे उभे आहे, ज्याच्या सोबत बाप आला नाही, त्याच्यापाशी जाऊन बसावे. हेही कामच आहे, आणि कदाचित सर्वांत मोठे.

दुसरी गोष्ट. नावे लिहून घेताना मुलाचे आडनाव ऐकून आपल्या चेहऱ्यावर काही उमटू देऊ नका. बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपण एका कुटुंबाचे झालो, हे आपण तोंडाने म्हणतो. परंतु कोणाची पाहुणेमंडळी कोणाजवळ बसवावयाची, हा विचार करताना जुनी भिंत पुन्हा उभी राहते. ज्यांच्या आजोबांना ओट्याखाली बसविले गेले, त्यांनी दुसऱ्याच्या नातवाला पंगतीच्या टोकाला बसवावे, ह्याहून लज्जास्पद ते काय? जुनी घराणी व नवी घराणी, गावठाणातील व वस्तीवरील, ह्यांनी एकाच चुलीशी उभे राहावे. मुले भाषणे विसरतील. कोण कोणाबरोबर जेवले, हे विसरणार नाहीत.

तिसरी गोष्ट. वह्या, चादरी, गणवेश देताना मुलाला सर्वांसमोर उभे करून फोटो काढू नये. त्या वस्तू आदल्या दिवशीच त्याच्या खाटेवर ठेवाव्यात. दात्याचे नाव देवाजवळ लिहिलेले असते. फळ्यावर नसले तरी चालते.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी आम्ही मुख्यत्वेकरून उभे राहिलो. ह्या मुलांपैकी कित्येकांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे आहेत. दसरा उलटला की कोयते बांधून ते कारखान्याच्या वाटेला लागतात आणि उन्हाळा तोंडावर आल्याशिवाय परतत नाहीत. मूल त्यांच्या मागे फडावर गेले, तर त्याची शाळा सुटते. म्हणून तर ते त्याला आपल्या हाती देतात. दिवाळीच्या सुटीत बोर्डिंग रिकामे होते, तेव्हा त्या मुलाने जावे कोठे? घराला कुलूप, आई उसाच्या फडात. जूनमध्ये ज्याच्या कपाळी आपण गुलाल लावला, त्याला ऑक्टोबरात फाटकाशी उभे ठेवले, तर आपले स्वागत म्हणजे केवळ वाजंत्री होय.

म्हणून आमची विनंती आहे. नावे लिहून घेताना आणखी एक रकाना आखावा: दिवाळीत हे मूल कोणाकडे राहील? बोर्डिंगच्या वडीलधाऱ्यांच्या व आईबापांच्या संमतीने प्रत्येक स्वयंसेवक कुटुंबाने एकेका मुलाचा भार पत्करावा. महिन्यातून एकदा भेटावे, आजारात विचारपूस करावी, नाताळात एक पान अधिक मांडावे. ह्याला मोठा पैसा लागत नाही. चुलीवर आणखी एक भाकरी आणि घरात आणखी एक अंथरूण, इतकेच.

परक्याला घरात घेणाऱ्याने मलाच घरात घेतले, असे आपल्या प्रभूने मानले आहे. त्याने शिष्यांचे पाय धुतले, तेही जेवणाच्या प्रसंगीच, कंबरेला रुमाल गुंडाळून. ज्युबिलीच्या ह्या वर्षी देवळाला रंग दिला जाईल, घंटेला नवी दोरी येईल. पण तो रकाना भरला गेला, तर आमची ज्युबिली खरी साजरी झाली असे आम्ही समजू.

पवित्र मरिया माता तुमच्या हातांना बळ देवो व तुमच्या घरांची दारे उघडी ठेवो. आमेन.