घरचा शब्द, शाळेचा शब्द

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेच्या व्यासपीठावरून अभिमानाच्या गोष्टी सांगाव्यात, असा संकेत आहे. त्या सांगणारे मान्यवर आज पुष्कळ आहेत. मी आपली परवानगी घेऊन माझ्या एका चुकीपासून आरंभ करते. कारण परस्परांविषयीचा आदर आणि आपलेपणा यांचा पहिला धडा मला त्या चुकीनेच दिला.

एम. ए., बी. एड. होऊन मी महाराष्ट्रातून नुकतीच येथे आले होते. पाचवीच्या वर्गाला ‘माझी आजी’ हा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिले, की आजी पहाटे उठून हित्तिलातली फुले तोडते, मग सर्वांसाठी तिंडी करते आणि सणाच्या दिवशी पोळीवर भरपूर तूप वाढते. मी ‘हित्तिल’ या शब्दावर लाल रेघ ओढली, ‘तिंडी’वर ओढली आणि खाली शेरा लिहिला : “ही मराठी नव्हे.” त्या दिवसापासून ती मुलगी वर्गात बोलेनाशी झाली. प्रश्न विचारला, की उभी राहायची. ओठ हलायचे, शब्द मात्र बाहेर येत नसे.

काही दिवसांनी तिची आजी शाळेत आली. घरात पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम चाललेले, जन्म बंगळुरूचा, महाराष्ट्र कधी पाहिलेला नाही. ती भांडायला आली नव्हती. वही माझ्यापुढे ठेवून ती एवढेच म्हणाली, “बाई, आम्ही घरी असंच बोलतो. माझी आई असंच बोलायची, तिची आईही. ही मराठी नव्हे, तर आम्ही इतकी वर्षं बोललो ते काय?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. घरी जाऊन मी ती वाक्ये मनाशी पुन्हा पुन्हा वाचली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. परसदाराला ‘हित्तिल’ आणि न्याहारीला ‘तिंडी’ म्हटलेले मला खपले नव्हते. कारण ते शब्द कन्नड. परंतु त्याच निबंधातले ‘तूप’ मी बिनदिक्कत ठेवले होते, आणि तेही कन्नड ‘तुप्प’वरूनच मराठीत आलेले! आपला अडकित्ता, आपले अण्णा आणि अक्का हीही त्याच भाषेची देणगी. प्रत्यक्ष ज्ञानदेवांनी पंढरीच्या विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले आहे. म्हणजे फार पूर्वी आलेला पाहुणा घरचा आणि काल आलेला परका, एवढाच काय तो माझ्या शुद्धतेचा नियम होता. एम. ए.च्या अभ्यासात या व्युत्पत्ती मी पाठ केल्या होत्या. एका मुलीच्या वहीसमोर त्या मला आठवल्या नाहीत.

आपण ज्या येलहंक्यात जमलो आहोत, त्या भूमीचा स्वभावही हेच सांगतो. येथील नाडप्रभू केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये बंगळुरू शहराची उभारणी केली आणि तेथे निरनिराळ्या व्यवसायांच्या पेठा वसवल्या. पुढे १६३८ नंतर बंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे आली. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. मुळात संस्कृत असलेल्या या ग्रंथात मराठी, कन्नड आणि इतर अनेक भाषांतील रचनांनाही स्थान आहे. एका मराठी सरदाराच्या दरबारात इतक्या भाषांना आसन मिळत होते, ही गोष्ट आपण विसरू नये.

मराठी कुटुंबे येथे एकाच वाटेने आली नाहीत. शिंपी, भावसार, मराठा अशी कित्येक घराणी पिढ्यान्‌पिढ्या येथलीच. वायुसेनेच्या तळामुळे काही आली, १९८४ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेच्या चाक व आस कारखान्यामुळे काही आली, अलीकडे संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांमुळे आली. म्हणून आपल्या एका वर्गात पुण्याची, सोलापूरची, बेळगावची, बिदरची आणि खुद्द बंगळुरूची अशी पाच तऱ्हांची मराठी शेजारी शेजारी बसते. त्यांतली एकच खरी आणि बाकीच्या बिघडलेल्या, असे ठरवण्याचा अधिकार शाळेला कोणी दिला?

आपली शाळा ज्या आधारावर उभी आहे तो पाहावा. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क सांगतो, की भाषिक अल्पसंख्याक मुलांसाठी प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय असावी. मातृभाषा म्हणजे आईच्या तोंडची भाषा. ती पुस्तकाच्या भाषेशी तंतोतंत जुळेलच असे नाही. या राज्याकडे आपल्या भाषेसाठी आदर मागायचा आणि आपल्याच दारात आलेल्या मुलाच्या आईची भाषा खोडायची, हे न्यायाचे नव्हे.

काही माजी विद्यार्थी तळमळीने म्हणतात, “बाई, शाळेतली मराठी पूर्वीसारखी राहिली नाही.” ही तळमळ मी समजू शकते. शुद्धलेखन आम्ही सोडलेले नाही. प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे. ग्रंथांचे आणि परीक्षेचे दार तिनेच उघडते. बदलली आहे ती तपासण्याची रीत. आता घरच्या शब्दावर रेघ ओढायची नाही. समासात त्याच्या शेजारी प्रमाण शब्द लिहायचा. ‘तिंडी’पुढे ‘न्याहारी’, ‘हित्तिल’पुढे ‘परसदार’. मुलाचा एक शब्द जात नाही, उलट एक वाढतो. दर शनिवारी प्रत्येकाने घरचा एक शब्द वर्गात आणायचा, असाही परिपाठ आहे. परवा एका मुलाने आणलेला शब्द मलाच ठाऊक नव्हता; तो मला समजावून सांगताना त्याची मान किती ताठ झाली होती!

हाच न्याय कन्नडलाही. ही आपल्या राज्याची भाषा. ती गुणपत्रिकेपुरती शिकणे हा यजमानाचा अनादर आहे. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. पण कन्नड कवितेने त्यांना आपले मानले, ‘नाकु तंती’साठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, आणि त्यांनी मराठीतही लेखन केले. सोलापूरच्या महाविद्यालयात ते कन्नडचे प्राध्यापक होते. दोन भाषांवर प्रेम केल्याने एकीचेही प्रेम उणे होत नाही, याला याहून मोठा दाखला कोणता हवा?

शेवटी त्या मुलीविषयी. मी तिची आणि तिच्या आजीची क्षमा मागितली. आजीने ती मोठ्या मनाने केली. परंतु वर्ष संपताच ती मुलगी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेली. या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची यादी तयार झाली, तेव्हा मी तिचे नाव शोधले. दहावी येथून झालेल्यांचीच ती यादी; तिचे नाव तिच्यात नव्हते. मी ते माझ्या हाताने लिहिले, आणि मध्येच शाळा सोडून गेलेल्या इतरांचीही नावे जुन्या हजेरीपटांवरून उतरवून घेण्यास सांगितले आहे.

आपल्यापैकी कोणाच्या बाकावर शेजारी बसलेले, आणि एके दिवशी यायचे थांबलेले, असे कोणी आठवत असेल, तर कृपया कार्यालयात नाव कळवावे. त्यांना निरोप द्यावा, की शाळेने बोलावले आहे. आणि हेही सांगावे, की आपल्या घरी जसे बोलता तसेच येथे येऊन बोला.