ध्वनिमुद्रिकेची पारख

तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडु हे गाव आहे. तेथील मुक्तांबा छत्र सरफोजी राजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारले. ह्याच राजांनी दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला होता. त्यांच्या संग्रहातील पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलिपी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. कागद उरला, नाद मात्र उरला नाही. तो बँड सुरेल वाजत होता की नाही, हे आज कोण सांगणार? पुढील काळाला ही साक्ष ध्वनिमुद्रिकेने दिली. पण साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच.

ह्याच मुलखातील पेरिय मेळम् पाहा. नागस्वर, तविल, आधारसूर आणि झांजा यांचा हा मेळ देवळाच्या मिरवणुकीत, उघड्यावर वाजावयाचा. तो लहानशा खोलीत मायक्रोफोनच्या अगदी पुढ्यात बसविला, तर नागस्वर कर्कश भासते आणि तविलचा नुसता गडगडाट उरतो. तविलच्या एका मुखावर काठी पडते, दुसऱ्यावर टोप्या चढविलेली बोटे. हे दोन आघात वेगळे ऐकू येत नसतील, तर वादकास बोल लावण्यापूर्वी मुद्रण तपासावे.

म्हणून प्रश्न दोन, आणि ते निरनिराळे विचारावेत. पहिला यंत्राविषयी. सूर विरेपर्यंत ऐकू येतो काय? मोठे वाद्य लहानास गिळते काय? आकाशवाणीने १९५२ साली दिल्लीस वाद्यवृंद स्थापिला, तेव्हा सतार आणि व्हायोलिन एकत्र आली. सतारीचा सूर छेडताच ओसरू लागतो, व्हायोलिनचा गजाबरोबर टिकतो. हा तोल मायक्रोफोनच्या जागेवरही अवलंबून असतो. दुसरा प्रश्न वादनाविषयी. सारे एका क्षणी उठतात काय? आवाज हलका झाला असता लय ढळते काय?

टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै (१८९८–१९५६) तासन्‌तास तोडी आळवीत. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. त्या तबकड्यांत खरखर आहे, तरी गमकाचा धागा तुटत नाही. आता यंत्राने खरखर पुसता येते. परंतु ती फार पुसली, तर तिच्याबरोबर स्वराची धारही जाते. गुळगुळीत मुद्रिकेपेक्षा थोडी खरखरीत, पण खरे बोलणारी मुद्रिका अधिक मोलाची. सरफोजींच्या बँडची तशी एकही आपल्याजवळ नाही, हे आठवले म्हणजे उरलेल्या मुद्रिका जपण्याचे महत्त्व पटते.