मेंढीच्या दुधाची उमेदवारी

आमच्या कळंबपासून मंचर जवळच. तिथल्या पराग मिल्क फूड्सच्या प्रकल्पामुळे चीज हा शब्द इकडे नवा नाही. पण ते गाईच्या दुधाचं. मेंढीचं चीज म्हटलं की लोक हसतात. मेंढी म्हणजे मटण, थोडी लोकर आणि रानात बसवली तर खत, एवढाच आपला हिशेब.

मला ते शिकायचं होतं. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेला धनगरांचा वाडा आमच्या रानात बसतो. त्या वाड्याबरोबर मी महिनाभर उमेदवारी केली. पहिला आठवडा दुधाला हात नाही. संध्याकाळी वाघर लावायची, रात्री बिबट्यासाठी जागायचं. उसाच्या या पट्ट्यात ती भीती रोजचीच.

मग वाड्यातल्या आजींनी धार शिकवली. मेंढीला दोनच सड, तेही आखूड. गाईला चालते ती मूठ इथे बसत नाही. अंगठा आणि दोन बोटांवर काम. एका मेंढीची जेमतेम वाटीभर धार. आजींचा दंडक कडक होता. ‘‘आधी कोकरू पिऊ दे, बाबा. जुळं असलं तर त्या मेंढीला हातच लावायचा नाही.’’

पाच लिटर जमायला कळपातल्या कितीतरी मेंढ्या पिळाव्या लागल्या. ते दूध कोमट केलं, विरजण आणि सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं रेनेट घातलं. दही घट्ट बसलं. सुरीने कापून, निवळी गाळून, मीठ लावलं तर किलोभर चीज उतरलं. गाईचं तेवढंच करायला साधारण दुप्पट दूध लागतं. मेंढीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो. रंग पांढराशुभ्र, कारण गाईच्या दुधातला पिवळेपणा यात नसतो.

फ्रान्समध्ये रोकफोर चीजसाठी लाकोन जातीच्या मेंढ्या पाळतात. कोकरू महिन्याचं झालं की तोडतात आणि पुढचे काही महिने सगळं दूध चीजला. एका वेतात दोनशे लिटरांहून जास्त. आपली दख्खनी मेंढी माळावर चालून जगणारी. तिच्याकडून ती अपेक्षा धरणं मला तरी पटत नाही. फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या ‘नारी’ संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणला. त्या कामात इस्राएलची दुभती अवासी जातही वापरली गेली. जुळी हवीत तर दूधही हवंच. पण तिथेही ते दूध आधी कोकरांचं.

धनगराचा पैसा कोकराच्या विक्रीतून येतो. मी नेलेल्या प्रत्येक वाटीने कोकराचं वजन थोडं घटणार. लिटरला काय भाव दिला म्हणजे ती तूट भरेल, असं मी आजींना विचारलं. त्यांनी आकडा सांगितला नाही. पावसाआधी परत येऊ, तेव्हा ज्यांच्या आया पिळल्या ती कोकरं वेगळी काढून वजन करू, मग बोलू, म्हणाल्या. मी तराजू आणून ठेवला आहे.