विरजण हलवू नका

दिवाळी उरकली, आकाशकंदील माळ्यावर गेले आणि संध्याकाळी आखूड झाल्या. मुंबई-पुण्याकडे सहाला, नागपूरकडे तर साडेपाचलाच दिवस बुडतो. जेवणं आटोपून, पायांवर पांघरूण घेऊन घरच्या घरी भयपट लावायचे हेच दिवस. कुठला लावायचा ते मी सांगायला नको. माझी तक्रार आहे ती तुमच्या हातातल्या रिमोटबद्दल.

भीती ही दह्यासारखी लागते. विरजण घातलं की आपण भांडं झाकून कोपऱ्यात ठेवतो, थंडीत तर फडक्यात गुंडाळून. दर पाच मिनिटांनी झाकण काढून चमचा फिरवत नाही. फिरवला तर पाणी सुटतं, आणि मग दोष दुधाला. भयपटाचा पहिला अर्धा तास म्हणजे विरजण. त्यात काही घडत नाही, घडायचं नसतंच. आणि नेमका तोच तुम्ही पुढे ढकलता! एक जण पॉज करून चिवड्याचा डबा आणायला उठतो, दुसरा तेवढ्यात मेसेज बघतो. शेवटी सगळे म्हणतात, "ह्यॅ, भीती कुठे वाटली?" वाटेल कशी?

हिचकॉकला हे पक्कं माहीत होतं. 1960 साली 'सायको' आला तेव्हा चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा त्याने दंडक घातला. न्हाणीघरातला तो प्रसंग यायला पाऊण तास लागतो. तोवर एक बाई चोरलेले पैसे घेऊन गाडी चालवते आहे, काचेवर पाऊस, वायपर इकडून तिकडे. बस्स. पण ते वायपर तुम्ही पुढे ढकललेत की न्हाणीघरात काही उरत नाही.

आपल्याकडचा 'तुंबाड' घ्या. पाऊस खरा दिसावा म्हणून कित्येक पावसाळे त्याचं चित्रीकरण चाललं होतं. तो पाऊस तुम्ही दुप्पट वेगाने बघणार? रामगोपाल वर्मांच्या 'भूत'मध्ये, 2003 साली, एकही गाणं नाही. उंच इमारतीतला फ्लॅट, लिफ्ट, दारावरचा वॉचमन, इतकंच. लिफ्ट नुसती वर येते. येऊ द्या की तिला तिच्या चालीने!

आणि आवाज बारीक करू नका. घाबरट माणूस डोळे मिटतो, पण कान मिटता येत नाहीत. रेडिओवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. 1949 सालच्या 'महल'मधलं गाणं आठवा. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून लताबाई दूर उभ्या राहून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. ती चाल ऐकायची तर खोलीत कुणी कुरकुरीत काही खाता कामा नये. पंखाही बंद ठेवा, नाहीतरी थंडीच आहे.

लहान मुलं असतील तर? तर लावूच नका. लावायचा आणि दर दोन मिनिटांनी थांबवून "अरे, ते सगळं खोटं असतं, रंग लावलेला असतो" असं समजावत बसायचं, हा चमचाच झाला. मुलं झोपल्यावर लावा.

म्हणून पुन्हा सांगतो. तहान लागेल, पाणी आधीच घेऊन बसा. फोन आतल्या खोलीत ठेवा. दिवे घालवा. आणि रिमोट घरातल्या सगळ्यात आळशी माणसाकडे द्या, तो बटण दाबायचे कष्ट घेणार नाही.

काचेपलीकडून खुणा सुरू झाल्या आहेत. मला खरं तर 'लपाछपी'तल्या उसाच्या मळ्याबद्दल बोलायचं होतं. विशाल फुरियांचा, 2017 सालचा मराठी चित्रपट. भर दिवसा, लख्ख उन्हात माणूस कसा घाबरतो, आणि अंधाराची त्याला गरजच का पडत नाही, ते... बरं, थांबतो. नमस्कार.